त्यात लक्ष्या हसवत नाही

घरात पाहुण्यांची गर्दी होती, जेवणे उरकली होती आणि टीव्हीवर काय लावायचे यावरून नेहमीची वादावादी चालली होती. चित्रपटांची यादी खाली खाली सरकत असताना 'एक होता विदूषक' हे नाव दिसले आणि मी म्हटले, हाच लावू या. मामांनी हात उडवून तो विषय तिथल्या तिथे निकालात काढला. "तो नको रे. त्यात लक्ष्या हसवत नाही." कोणी हरकत घेतली नाही. यादी पुढे सरकली आणि थोड्याच वेळात सगळे जण 'अशी ही बनवाबनवी'मधल्या तोंडपाठ संवादांवर, ते संवाद पडद्यावर येण्याआधीच, हसू लागले. मीही हसलो, कारण तो चित्रपट लागलेला असताना न हसता बसणे मराठी माणसाला शक्यच नाही. पण मामांचे ते वाक्य मात्र पायात मोडलेल्या काट्यासारखे आत राहून गेले.

मामांना सिनेमातले कळत नाही असे म्हणण्याची सोय नाही. 'सामना'मधल्या मास्तरांनी विचारलेल्या एका प्रश्नावर ते अजूनही तासभर बोलू शकतात. 'सिंहासन' त्यांनी थिएटरात पाहिलेला आहे आणि 'उंबरठा'चा विषय निघाला की स्मिता पाटीलच्या आठवणीने त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. या तिन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल, हे नाव त्यांना परके नाही. तरीही १९९२ सालचा हा चित्रपट त्यांच्या हिशेबी जब्बारांचा नाहीच, तो लक्ष्याचा एक फसलेला पिक्चर आहे. यात ते एकटे नाहीत. जब्बार पटेलांच्या कारकिर्दीवर बोलणारे बहुतेक जण 'उंबरठा'वरून थेट 'मुक्ता'वर किंवा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'वर येतात, आणि लक्ष्मीकांत बेर्डेंविषयी लिहिणारे 'त्यांना गंभीर भूमिकाही जमत असे' एवढ्या एका प्रशस्तिपत्रकापुरते या चित्रपटाचे नाव घेतात. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहावा, तशी या चित्रपटाची गत झाली आहे.

आणि गंमत अशी, की हा चित्रपट नेमका मामांच्या त्या वाक्याविषयीच आहे. तमाशात नाचणाऱ्या मंजुळेच्या पोटी हिंमतराव इनामदारापासून झालेला आबुराव वाड्याच्या आसऱ्याला मुकतो आणि फडात वाढतो. तिथे तो सोंगाड्या, म्हणजे तमाशात हसवणारा नट, होतो, नाव कमावतो, मग फडातून सिनेमात जातो आणि सिनेमातून राजकारण्यांच्या गोतावळ्यात ओढला जातो. जागा बदलते, कपडे बदलतात, समोरची गर्दी वाढत जाते, पण त्याच्याकडून होणारी मागणी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असते. हसव. त्याला काय झाले आहे, तो जेवला आहे की नाही, घरी कोण गेले, हे विचारायला कोणी थांबत नाही. हसवणे थांबले की त्याच्याकडे पाहणाऱ्यांचा चेहरा बदलतो.

लक्ष्या हसवत नाही, ही तक्रार पडद्यावरच्या माणसांचीही आहे.

मी हा चित्रपट पहिल्यांदा लहानपणी पाहिला, तोही सोंगाड्या प्रत्यक्ष पाहिलेला असताना. जत्रेत कनातीच्या आत, पुढे सतरंजीवर पोराटोरांच्या घोळक्यात बसून तमाशा पाहिल्याची आठवण अजून अंगावर आहे. पायांखालची धूळ, बिडीचा धूर, ढोलकीच्या पहिल्या थापेबरोबर बरगड्यांत उठणारा हादरा आणि त्यावर चढत जाणारी हलगी. गण झाला, गौळणीत मावशीने कृष्णाला आणि कृष्णाने मावशीला पुरेसे छळून घेतले, बतावणीतली विनोदी सवाल-जबाबांची झटापट झाली आणि मग वग, म्हणजे तमाशातले नाटक, उभा राहिला. वगातला राजा छाती काढून बोलत होता, प्रधान त्याला मान डोलावत होता, आणि सोंगाड्या या दोघांच्या मध्ये अर्धा त्यांच्याकडे आणि अर्धा आमच्याकडे वळून उभा होता. त्याचे हे अर्धे वळणे मला फार आवडले होते. राजाचे प्रत्येक वाक्य तो आधी उचलून घ्यायचा, हातात फिरवून पाहायचा आणि मग उलटे करून आमच्याकडे फेकायचा. पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या गावच्या बड्या असामीच्या पोटावरही त्याने एक शेरा मारला आणि ती असामी सगळ्यांच्या देखत मोठ्याने हसली, कारण न हसणे तिला परवडणारे नव्हते. सोंगाड्याची ही मुभा आपल्याकडे जुनी आहे. मात्र तिला मुदत असते. पहाटे वग संपला, की तोच सोंगाड्या त्याच असामीकडे दौलतजादा, म्हणजे बक्षिशी, आणि सुपारीच्या, म्हणजे ठरलेल्या बिदागीच्या, पैशांसाठी मान खाली घालून उभा राहतो.

जब्बार पटेलांचा चित्रपट त्या मुदतीच्या पलीकडे, पहाटेनंतर सुरू होतो. तमाशावरचे आपले चित्रपट पूर्वापार नाचणारणीभोवती फिरत आले. 'सांगत्ये ऐका' घ्या किंवा 'पिंजरा' घ्या, कॅमेरा तिच्या पायांतल्या चाळांकडे असतो, तिच्यापायी कोणी तरी उद्ध्वस्त होते, आणि सोंगाड्या दोन लावण्यांच्या मधली जागा भरून काढायला असतो. दादा कोंडक्यांनी १९७१ मध्ये 'सोंगाड्या' चित्रपटात सोंगाड्यालाच नायक केले, पण ते त्याच्या भोळेपणाचे आणि चावटपणाचे राज्य होते. ते राज्य झकासच होते, मात्र सोंगाड्या रात्री तोंडाचा रंग पुसून कोणत्या बाजेवर निजतो हे पाहण्याची त्याला गरज वाटली नाही. 'एक होता विदूषक' लावणीला सन्मानाने बसवून घेतो आणि कॅमेरा मधल्या जागा भरणाऱ्या माणसाकडे वळवतो.

या ठिकाणी मला जब्बारांची सगळी कारकीर्द एका वेगळ्याच वाटेने पाहता येते, आणि ती वाट निळू फुल्यांच्या मागून जाते. १९७५ मध्ये आलेल्या 'सामना'त निळूभाऊ हिंदुराव धोंडे पाटील होते. साखर कारखान्याच्या जोरावर तालुका खिशात घालून फिरणाऱ्या या माणसाची सत्ता आवाज न चढवता बोलते, डोळ्यांच्या कडेने बघते आणि समोरच्याला बसा म्हणतानाही धमकावते. तिथे श्रीराम लागूंचा दारूडा मास्तर विचारत राहतो, की मारुती कांबळेचे काय झाले. पुढे १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये निळूभाऊ दिगू टिपणीस झाले. आता सत्ता त्यांच्या हातात नाही. ते तिच्या दारात वही घेऊन उभे असलेले पत्रकार आहेत, ज्यांना सगळे दिसते, सगळे कळते आणि काहीच बदलता येत नाही. त्या चित्रपटाच्या शेवटी दिगूला हसू फुटते आणि ते थांबत नाही. मराठी पडद्यावर त्याहून भीतिदायक हसणे मी ऐकलेले नाही. आणि मग 'एक होता विदूषक'मध्ये तेच निळू फुले फडातला नाना होतात, आबुरावाला सोंगाड्याची विद्या देणारा जुना जाणता माणूस. सत्ताधीश, मग सत्तेचा साक्षीदार आणि मग सत्तेपुढे खिदळून पोट भरणारा. एकाच नटाला एकाच दिग्दर्शकाने या तीन जागी उभे केले आहे. हे ठरवून केले असेल असा माझा दावा नाही, पण तिन्ही चित्रपट ओळीने पाहिले की त्यांच्यातला धागा लपत नाही.

निळूभाऊंच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट आहे. ते मुळात लोकनाट्यातूनच आले. 'कथा अकलेच्या कांद्याची'मध्ये त्यांनी बतावणीची धार प्रत्यक्ष प्रेक्षकांवर परजली होती, आणि 'एक गाव बारा भानगडी'ने त्यांना १९६८ मध्ये सिनेमात आणल्यावर आपण त्यांना खलनायक करून टाकले. इतके, की गावोगावच्या बाया त्यांच्या नावाने बोटे मोडत. नानाच्या भूमिकेत ते स्वतःच्या मूळ घरी परत आल्यासारखे वावरतात. विनोद करताना ते हसत नाहीत. शब्दाच्या आधी एक बारीकसा थांबा घेतात आणि त्या थांब्यात समोरच्याला उत्तर सुचू देतात, मग ते उत्तर चुकीचे ठरवतात. सोंगाड्याची अख्खी विद्या त्या थांब्यात आहे, आणि ती निळूभाऊंच्या अंगात मुरलेली आहे.

पटकथा पु. ल. देशपांड्यांची आहे, ही गोष्ट तर आणखी विचारात पाडणारी. 'सामना', 'सिंहासन' आणि 'उंबरठा' या तिन्हींच्या लेखनात विजय तेंडुलकर होते. तेंडुलकरांचा जब्बार पटेल आणि पुलंचा जब्बार पटेल अशी विभागणी करायचा मोह होतो, पण नाटकात ही दोन्ही नावे जब्बारांच्या आयुष्यात केव्हाच एकत्र आलेली होती. १९७२ मध्ये तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' आणि १९७८ मध्ये पुलंचा 'तीन पैशांचा तमाशा', दोन्ही जब्बारांनीच बसवले. दोन्हींत गाणे होते, नाचणे होते, लोकरंगभूमीचा ढंग होता आणि पोटात सत्तेचा हिशेब होता. 'विदूषक' हे या दोन नाटकांचे उशिरा जन्मलेले भावंड आहे असे मला वाटते. पुलंनी पन्नाशीच्या दशकात चित्रपटात भरपूर मुशाफिरी केली, 'गुळाचा गणपती'मध्ये तर लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि अभिनय सारे स्वतःच केले, आणि मग ते त्या दुनियेपासून जवळपास दूरच झाले. इतक्या वर्षांनी ते परत आले, ते हसवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायला. महाराष्ट्राने पुलंकडे जन्मभर काय मागितले ते आठवून पाहावे. सभेत ते उभे राहिले की त्यांनी तोंड उघडण्याआधी लोक हसायला सुरुवात करत. हा माणूस आज काही गंभीर बोलणार असेल, अशी शंकाही कोणाला शिवत नसे. आबुरावाच्या तोंडी असलेल्या शब्दांत मला कधी कधी त्या व्यासपीठावरच्या चष्म्याआडचे डोळे दिसतात.

आता लक्ष्मीकांत बेर्डे. १९९२ साली लक्ष्या म्हणजे काय होते हे ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना सांगायला नको. पडद्यावर नुसती एंट्री झाली की शिट्ट्या. त्यांच्या विनोदाचा वेग विलक्षण होता. वाक्य संपायच्या आत हात पुढच्या वाक्यात गेलेले असत, भुवया वेगळेच काही सांगत, आणि घाबरण्याचा अभिनय करावा तर त्यांनीच, कारण त्यांचे घाबरणे गुडघ्यांपासून सुरू होऊन आवाजात पोहोचत असे. जब्बारांनी हे सगळे काढून घेतलेले नाही, आणि त्यांच्या दिग्दर्शनातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे शहाणपण ते हेच. दुसऱ्या एखाद्याने 'आम्ही गंभीर चित्रपट करतो आहोत' म्हणून नटाचे हातपाय बांधून ठेवले असते. इथे फडातला आबुराव आपल्या ओळखीच्याच वेगाने बोलतो, कोट्या करतो, कंबर वाकडी करून उभा राहतो. फरक पडतो तो हशा ओसरल्यानंतर. कॅमेरा लगेच निघून जात नाही, आणि आपल्याला तो चेहरा हशाशिवाय पाहावा लागतो. आपण ज्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षे हसत आलो तो चेहरा रिकामा झाल्यावर कसा दिसतो हे पाहायची आपल्याला सवय नसते. डोळ्यांखाली थकवा असतो, ओठ मात्र अजून विनोदाच्याच आकारात असतात. ही भूमिका श्रेष्ठ दर्जाच्या कोणा 'गंभीर' नटाने केली असती तर ती निव्वळ अभिनय ठरली असती. लक्ष्याने केल्यामुळे प्रेक्षकही तीत ओढला जातो, कारण त्याला हसवायला लावणाऱ्यांत आपणही असतो.

मंजुळेच्या भागाविषयी मी कितीही लिहू शकेन. मधु कांबीकरांना लावणी नुसती येत नव्हती, ती त्यांच्या मानेच्या आणि मनगटाच्या हालचालींत वस्तीला होती. समोर इनामदार म्हणून मोहन आगाशे बसले आहेत, आणि ज्याने 'घाशीराम'मधला नाना फडणवीस पाहिला आहे त्याला आगाश्यांचे नाचणाऱ्या बाईकडे बघणे पुन्हा ओळखीचे वाटेल. मालकीहक्काने पाहणारी, पण रसिकतेचा मुलामा असलेली ती नजर आहे. नृत्ये बसवली लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांनी आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लावणी ज्यांनी जगून सांभाळली अशा बाईला देशपातळीवर नृत्यदिग्दर्शक म्हणून गौरवण्यात आले, या एका कारणासाठीसुद्धा हा चित्रपट लक्षात राहायला हवा होता. गाणी ना. धों. महानोरांची. 'जैत रे जैत'मध्ये महानोरांनी डोंगर, मध आणि पाऊस यांची भाषा दिली होती. इथे त्यांनी बैठकीची, फडाची आणि अंगाईची भाषा दिली. आनंद मोडकांनी इतक्या गाण्यांना प्रत्येकी वेगळे अंग दिले, की ती एकाच संगीतकाराची आहेत हे चटकन ध्यानात येऊ नये. रवींद्र साठ्यांच्या भरदार आवाजातली 'मी गाताना गीत तुला लडिवाळा' ही अंगाई लागली, की आमच्या घरात अजूनही कोणी तरी हातातले काम थांबवते. ते गाणे पुष्कळांना माहीत असते, आणि ते या चित्रपटातले आहे हे त्यातल्या थोड्यांना.

चित्रपट निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. फडातला पूर्वार्ध जितका सावकाश आणि श्रीमंत आहे तितका सिनेमाच्या दुनियेतला भाग नाही. वर्षा उसगांवकरांची मेनका कथानकाला पुढे ढकलण्यापुरती येते आणि तिच्या वाट्याला स्वतःचे असे फारसे काही येत नाही. दिलीप प्रभावळकरांचा राजकारणी पाहायला मजा येते, पण 'सिंहासन' करणाऱ्या दिग्दर्शकाकडून राजकारणाचा याहून गुंतागुंतीचा नकाशा अपेक्षित असतो. इथे उपहास कधी कधी भाषण होतो. लांबीही बरीच आहे. अडीच तासांच्या पुढे जाणाऱ्या या चित्रपटातली काही वळणे पुलंना शब्दांचा मोह आवरला नाही म्हणून राहिली असावीत असे मला दर वेळी वाटते, आणि तो मोह कोणत्याही संकलकाला आवरता आला नसता हेही वाटते. पुलंचे वाक्य कापायला हात धजावणार कोणाचा?

पण प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली ती या दोषांमुळे, असे मला वाटत नाही. तो रडका होता म्हणून, हेही खरे नाही. आदल्याच वर्षी, १९९१ मध्ये, 'माहेरची साडी' आला होता आणि अख्खा महाराष्ट्र थिएटरात बसून पदराने डोळे पुसत होता. रडायला आपली कधीच ना नव्हती. कोणी रडायचे याचे नेम मात्र पक्के होते. सोशिक सुनेने रडावे, आईने रडावे, फार तर म्हाताऱ्या बापाने रडावे. हसवण्याचे पैसे घेणाऱ्याने रडू नये. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशातून तयार झालेल्या या चित्रपटाला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्याने परिस्थिती बदलली नाही. 'सामना'वाल्या प्रेक्षकाला लक्ष्याचे नाव पाहून तो आपला वाटला नाही, आणि लक्ष्याच्या प्रेक्षकाने आत जाऊन फसवणूक झाल्याचे तोंड केले. २००४ च्या डिसेंबरात बेर्डे गेले, तेव्हा वाहिन्यांनी श्रद्धांजली म्हणून दिवसभर त्यांचे विनोदी चित्रपट लावले होते. त्या दिवशीही हसवायला तेच.

जब्बारांच्या चित्रपटांचे शेवट मला नेहमी त्यांच्या सुरुवातीपेक्षा अधिक बोलके वाटतात. 'सिंहासन' एका वेड्या हसण्यावर संपतो. 'उंबरठा'तली सुलभा घर सोडून गाडीत बसते आणि तिच्या चेहऱ्यावरून पुढचे काही वाचता येत नाही. 'विदूषक' मात्र सत्तेच्या दालनात न थांबता एका लहान मुलीपाशी येतो. आबुरावाची ही मुलगी हसत नाही. गावेच्या गावे हसवलेल्या बापाची सगळी विद्या या एका प्रेक्षकापुढे थिटी पडते. तिच्याकडे त्याला द्यायला सुपारी नाही, मते नाहीत, टाळ्याही नाहीत. पेशाने बालरोगतज्ज्ञ असलेल्या दिग्दर्शकाने सत्तेच्या इतक्या प्रदीर्घ हिशेबाअखेर न हसणाऱ्या मुलाची नाडी धरावी, यात मला काही योगायोग वाटत नाही. काही समीक्षकबुद्धीच्या मित्रांना हा शेवट हळवा वाटतो, आणि 'सामना'च्या कोरडेपणाशेजारी ठेवला तर तो हळवा आहेच. मला तरीही तो जब्बारांच्या कामातला आवश्यक टप्पा वाटतो. तोवर त्यांचे चित्रपट सत्तेला विचारत होते, की तुम्ही या माणसाचे काय केलेत. इथे पहिल्यांदा त्या माणसालाच विचारले गेले आहे, की तुझ्याजवळ अजून काही शिल्लक आहे का. पुढे १९९४ च्या 'मुक्ता'त जातीच्या भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या दोन तरुणांना आणि २००० सालच्या आंबेडकर-चरित्रपटात तर प्रत्यक्ष बाबासाहेबांना त्यांनी ज्या जवळिकीने पाहिले, ती जवळीक 'सिंहासन'च्या दिग्दर्शकाकडे मला दिसत नाही. ती आबुरावाच्या फडात तयार झाली असावी, असे माझे मत आहे.